शिब्लीची ‘रांग’ आणि एका उदाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना ऊद आहे. निखाऱ्यावर टाकला की ज्याचा सुगंधी धूर होतो तो ऊद नव्हे, मी वाजवायचा ऊद. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला भलतंच काहीतरी समजून लोकांनी आयुष्यभर माझा जीव खाल्ला आहे. कोणी गिटार म्हणतं, कोणी मँडोलिन म्हणतं. एका लग्नात तर आचाऱ्याच्या माणसाने माझी पिशवी बघून विचारलं होतं, "या पातेल्यात काय आणलंय?" माझं पोट अर्ध्या कलिंगडासारखं गोल आहे आणि मान मागे दुमडलेली आहे, हे मला मान्य आहे. पण पातेलं?

माझा जन्म बेथलेहेमजवळच्या बेत जाला गावचा. तिथे चर्चमागच्या उतारावर उस्ताद बिशारांचं दुकान होतं. एका वठलेल्या जर्दाळूचं आणि अक्रोडाचं लाकूड त्यांनी बरीच वर्षं सुकवत ठेवलं होतं. त्याच्या पातळ पट्ट्या तापलेल्या नळीवर वाकवून, एकाआड एक चिकटवून, त्यांनी माझं पोट तयार केलं. वर देवदाराची तबली, म्हणजे तारांखालची पातळ फळी, बसवली. ती ते रंध्याने थोडी तासत, टिचकी मारत, कान लावत आणि चिडत. "बोल की गाढवा! काय तोंडात मिठाची गुळणी धरलीस?" असं ते मला म्हणत. शेवटी एका दुपारी टिचकी मारल्यावर मी बोललो. उस्तादांनी उठून दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि कोणी गिऱ्हाईक येऊ नये म्हणून दिवाही मालवला. नंतर संध्याकाळ होईपर्यंत ते मला मांडीवर घेऊन बसले होते. माझं इतकं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही.

मला विकत घेतलं ते बदरी नावाच्या एका उमद्या माणसाने. बदरी लग्नांत वाजवायचा. बेथलेहेम, बेत साहूर, बेत जाला, कुठेही लग्न असो, बदरी हवाच. दिवसा तो पोस्टात काम करायचा आणि संध्याकाळी माझ्या तारा छेडायचा. त्याचा हात गोड होता, हे मी नाकारत नाही. पण मित्रांनो, तीच तीच गाणी! नवरी आली की ते एक, नवरा आला की ते दुसरं, भाताच्या पराती आल्या की तिसरं. मध्येच नवरीचे मामा बाटली संपवून यायचे, बदरीच्या गळ्यात पडायचे आणि म्हणायचे, "ते मघाचंच परत!" मघाचंच परत वाजवलं की म्हणायचे, "अजून एकदा!" मांसाच्या रश्शाने माखलेली बोटं माझ्या तबलीला पुसली गेली. माझ्या अंगावर लहान मुलांनी रेवड्या चिकटवल्या. लोक नाचले, टाळ्या वाजल्या, सगळ्यांनी वाहवा केली. पण माझ्या पोटात आणखी किती काय आहे, हे कोणी विचारलंच नाही.

घरी आलो की बदरीची बायको नझीहा मला ओल्या फडक्याने पुसायची. लाकडाला ओलं फडकं लावू नये हे तिला बदरी दरवेळी सांगायचा आणि ती दरवेळी म्हणायची, "मग रस्सा तसाच ठेवू? मुंग्या लागू देत?" आणि पुसायचीच. तिचा माझ्यावर जीव होता, हे मला फडक्याच्या दाबावरून कळायचं.

एका हिवाळ्यात बदरी आजारी पडला आणि गेला. नझीहाने मला एका चादरीत गुंडाळलं आणि कपाटावर ठेवून दिलं. तिथे माझ्या एका बाजूला जाड रजया होत्या आणि दुसऱ्या बाजूला लोणच्यातल्या ऑलिव्हची बरणी. तारा ढिल्या झाल्या, खुंट्या सुकल्या. कधीतरी ती खुर्चीवर चढायची. मला वाटायचं, आली माझ्यासाठी. पण ती बरणी घेऊन उतरायची. एकदा मात्र तिने बरणी काढता काढता चादरीवरूनच माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तशीच खुर्चीवर उभी राहिली. मग खाली उतरून तिने भांडी घासायला घेतली.

अशा अवस्थेत मला खाली काढलं ते तिच्या भाच्याने, शिब्लीने. शिब्ली परदेशात संगीत शिकून नुकताच घरी आला होता आणि बेथलेहेमच्या संगीत शाळेत मुलांना शिकवत होता. तो आत्याकडे जेवायला आला, मान वर करून कपाटाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आत्या, तो तिथे कोंडून मरेल."

"मरेल काय! लाकूड आहे ते," नझीहा म्हणाली.

"दे ना मला."

"देईन. पण तुझ्या आतोबांची गाणी वाजवायची. मला ती या उदावर ऐकायचीत. दुसऱ्या कशावर नको."

"वाजवेन की."

त्याने शब्द पाळला, पण आठवड्यातून एकच दिवस. दर शुक्रवारी तो आत्यासमोर बसून ती लग्नाची गाणी वाजवायचा आणि ती डोळे मिटून ऐकायची. उरलेला आठवडा मात्र तो माझ्यावर जे काही करायचा, ते सांगताना आजही माझा संताप होतो. माझी सगळ्यात जाडी तार त्याने इतकी खाली उतरवली की ती सुरापेक्षा घरघर जास्त करू लागली. तो माझ्या पोटावर बोटांनी ठकठक करायचा. तारांखाली पेन्सिल सरकवायचा. पिसाची नखी टाकून देऊन नखांनी तारा खरवडायचा. एकदा त्याने तबलीच्या भोकावरच्या माझ्या नक्षीदार जाळीला ओठ लावून फुंकर मारली! मी चांगल्या घरातला ऊद. मला वाटलं, हा मुलगा शिकून आलाय की बिघडून?

मग त्या आवाजांतून तो रचना करायला लागला. त्यांची नावं ऐका. ‘गच्चीवरचे कपडे’. ‘लिफ्ट बंद आहे’. आणि एक होती ‘आत्याचा फोन’. तिच्यात सूर सारखे वर चढायचे, प्रश्न विचारल्यासारखे, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा चढायचे. डफ वाजवणारी सिहाम त्याच्या जोडीला असायची. ती उंच, बारीक, सतत हसणारी मुलगी होती. ‘आत्याचा फोन’ वाजवताना ती मध्येच डफावर एक हलकी थाप द्यायची. ती म्हणजे शिब्लीचं "हो आत्या".

नझीहाने ते ऐकलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"मी अशी बोलते?"

"थोडीशी," शिब्ली म्हणाला.

"आणि हे संगीत?"

"हो."

"शिब्ल्या, तुझे आतोबा वाजवायचे तेव्हा माणसं उठून नाचायची. तुझं ऐकून माणसं एकमेकांकडे बघतात. याला वाजवणं नाही म्हणत, सुतारकाम म्हणतात. तिकडे परदेशात पैसे भरून हेच शिकलास?"

सिहाम हसू दाबत म्हणाली, "आत्या, तुमचा आवाज मात्र हुबेहूब आलाय."

"तू गप गं. तू तर नुसती थापा मारतेस."

खरं सांगू? मी त्या वेळी पूर्णपणे आत्याच्या बाजूने होतो. पण एक गोष्ट मला छळू लागली होती. ती घरघरणारी तार, ती ठकठक, हे सगळं माझ्याच पोटातून येत होतं आणि ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं. बदरीने मला गाता केलं, पण हा मुलगा मला भांडायला, कुरकुरायला, दम खायला शिकवत होता. मला राग येत होता आणि संध्याकाळ झाली की मी त्याची वाटही बघत होतो. हे फार वैतागवाणं असतं, मित्रांनो.

पुढच्या उन्हाळ्यात रामल्लाहमध्ये त्याच्या रचनांचा कार्यक्रम ठरला. त्याचा पहिला मोठा कार्यक्रम. सिहामची छोटी गाडी होती. आत्याला तिकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून तीही मागच्या सीटवर बसली. मांडीवर द्राक्षाच्या पानांत भरलेल्या भाताचा डबा, आणि तो सांडेल म्हणून सारखी धास्ती. गाडीत जागा नव्हती, म्हणून मला डिकीत ठेवलं. शिब्ली म्हणाला, "तासाभराचा तर प्रश्न आहे."

तासाभराचा प्रश्न! आमच्याकडे असं बोलणाऱ्या माणसाचं मला नेहमीच आश्चर्य वाटतं.

वाटेतल्या लष्कराच्या चौकीपाशी रांग होती. पुढे गाड्या, मागे गाड्या. कधी एक गाडी सुटायची, कधी एकही नाही. त्या दिवशी वाट का अडवली होती हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायचं कोणाला? ऊन डोक्यावर आलं. डिकीचा पत्रा तव्यासारखा तापला. माझे सांधे ज्या सरसाने चिकटवले होते, तो मऊ पडू लागला. वरून अकरा तारांचा ताण. मला कळत होतं, आता काय होणार. पण मी ओरडणार कसा? मला वाजवल्याशिवाय माझा आवाज निघत नाही.

शिब्लीने एकदा खाली उतरून डिकी उघडायचा प्रयत्न केला. पुढून लाउडस्पीकरवर आवाज आला, "गाडीत बस! गाडीतच बस!" तो बसला.

"अरे, त्याला आत घे ना, माझ्या पायांपाशी," आत्या म्हणाली.

"उतरू देत नाहीयेत, आत्या."

"मग त्यांना सांग ना, ऊद आहे म्हणून."

"सांगतो हं. लाउडस्पीकर दे मला."

आणि तेवढ्यात माझी घोडी उखडली. घोडी म्हणजे तबलीवरची ती लाकडी पट्टी, जिला सगळ्या तारा बांधलेल्या असतात. ती तारांसकट, तबलीची साल घेऊन, एका झटक्यात सुटली. बंद पत्र्याच्या डिकीत तो आवाज कसा घुमला असेल? बंदुकीच्या बारासारखा. अगदी तसाच.

पुढचं मी डिकीतून ऐकलं. बूट धावले. कोणीतरी किंचाळलं. "हात वर! खाली! सगळे खाली!" दारं उघडली. शिब्लीला रस्त्यावर पालथं झोपवलं. सिहामला झोपवलं. आत्या म्हणत होती, "मला वाकता येत नाही बाळा, माझे गुडघे..." मग तिलाही डांबरावर बसवलं, हात डोक्यावर ठेवून. रांगेतली एकही गाडी वाजत नव्हती. एकही दार हलत नव्हतं. इतकी शांतता मी आजवर ऐकली नाही. त्या शांततेत फक्त मागच्या गाडीतल्या एका लहान मुलीला उचकी लागली होती. उचकी. मग काही नाही. पुन्हा उचकी. तिची आई तिच्या तोंडावर हात ठेवत असणार, कारण उचक्या हळूहळू दबत गेल्या.

शेवटी डिकी उघडली. एका कोवळ्या शिपायाचं तोंड दिसलं. त्याच्या बंदुकीची नळी माझ्यावर रोखलेली होती. त्याने काठीने मला ढोसलं. माझ्या तुटक्या तारा झणझणल्या आणि तो दचकून मागे सरला.

"आत काय आहे?" त्याच्या वरच्या साहेबाने मोडक्या अरबीत विचारलं.

"हवा," शिब्ली रस्त्यावरून म्हणाला.

"काय?"

"हवा आहे. वाद्य आहे ते. उन्हाने तुटलं."

"खरं काय ते सांग रे," आत्या कळवळून म्हणाली, "नाहीतर इथेच ठेवतील आपल्याला."

"खरंच हवा आहे, आत्या!"

साहेबाने माझ्या जाळीतून विजेरी मारली, मला उलटं करून हलवलं, जाळीचा एक कोपरा काठीने मोडला आणि मला परत डिकीत टाकलं. आम्हाला उठायला सांगितलं. माफी वगैरे कोणी मागितली नाही. वाट त्या दिवशी सुटलीच नाही, आम्ही मागे फिरलो. कार्यक्रम बुडाला आणि डॉक्टरची वेळही गेली. भाताचा डबा रस्त्यावर सांडला होता आणि परत येताना आत्या त्याच्याबद्दलच बोलत राहिली. दुसऱ्या कशाबद्दलच नाही. सगळा रस्ताभर, "इतकी छान झाली होती पानं." तिच्या हातांना डांबराचे काळे डाग लागले होते.

आणि या सगळ्यात माझा काय दोष? मी तापलो म्हणून तुटलो. मला तुटायची हौस होती का? पण पुढे कित्येक दिवस शिब्ली माझ्याकडे असा बघायचा, जणू गोळी मीच झाडली.

दुरुस्तीसाठी तो मला उस्ताद बिशारांकडे घेऊन गेला. ते आता थकले होते, दुकानात फक्त बसायचे. माझी दशा बघून ते खवळलेच.

"डिकीत? उन्हात? तू संगीत शिकलास ना? यापेक्षा याच्यात भाजी शिजवायचीस!"

"उस्ताद, रांगेत अडकलो होतो."

"मग वर मान करून काय सांगतोस? मी काय रांगेत कधी उभा राहिलो नाही?"

पण नंतर त्यांनी माझ्या उखडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा आवाज उतरला. त्यांनी नवी घोडी बसवली, साल निघालेल्या जागी देवदाराचा तुकडा बेमालूम भरला. जाळीचा कोपरा मात्र तसाच ठेवायला शिब्लीने सांगितलं. मला ते आवडलं नाही. म्हातारपणी दात पडल्यासारखं दिसतं.

दुरुस्त होऊन आलो, तर शिब्ली वाजवेच ना. त्याने मला भिंतीवर टांगून ठेवलं. शाळेतून यायचा, चहा करायचा, खिडकीत बसायचा. शुक्रवारीसुद्धा आत्याकडे मला नेईना. "हात दुखतोय," म्हणायचा. सिहाम यायची, डफ घेऊन बसायची, एकटीच वाजवून निघून जायची. जाताना एकदा ती म्हणाली, "तू याला शिक्षा करतोयस की स्वतःला?" भिंतीवर टांगलेल्या वाद्याला काय वाटतं, हे माणसांना कळत असतं तर भिंतीवर नुसती घड्याळंच दिसली असती.

मग एका सकाळी, शाळेला सुट्टी होती तेव्हा, त्याने मला खाली घेतलं आणि ती जाडी तार छेडली. एकच सूर. थांबला. पुन्हा तोच सूर, किंचित पुढे सरकवून. थांबला. पुन्हा. मी ओळखलं. गाड्या सरकत होत्या.

त्या रचनेला त्याने ‘रांग’ असं नाव दिलं. ती बनवायला त्याला पुढचा सगळा हिवाळा लागला. एकच सूर पुढे सरकतो, थांबतो, कुरकुरतो. डफावर सिहामची बोटं हँडब्रेक ओढल्यासारखी फिरतात. वैताग वाढत जातो, वाढत जातो, आणि मग शिब्ली तळहाताने माझ्या तबलीवर, नव्या घोडीच्या अगदी शेजारी, एक जोरदार थाप मारतो. त्यानंतर शांतता. काहीच नाही. दोघंही हलत नाहीत. मग त्या शांततेतून डफावर, बोटाच्या टोकाने, एक उचकी. पुन्हा शांतता. पुन्हा उचकी. आणि हळूहळू त्या उचकीच्या तालावर माझ्या बारीक तारांवर एक इवलीशी धून उमटते, जी ऐकून हसावं की रडावं ते कळत नाही.

ती थाप मला पहिल्यांदा लागली तेव्हा मी हादरलो. पण मी सांगतो तुम्हाला, आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं की माझ्या बाबतीत जे झालं ते कोणीतरी मला विचारलं.

‘रांग’चं रेकॉर्डिंग ऐकून त्याला परदेशातून बोलावणं आलं. या वेळी मला सीटवर, पट्टा लावून नेलं. तिथलं सभागृह मोठं, हवा थंड, लोक शिष्ट. कार्यक्रमाआधी एका गृहस्थाने आमच्या दुःखावर लांबलचक भाषण केलं. शिब्लीच्या रचनांवर एक वाक्य नाही. वाजवून झाल्यावर लोक उभे राहिले, काहींचे डोळे भरून आले. मग प्रश्न सुरू झाले. चौकी कशी असते? भीती वाटते का? आशा आहे का? एका बाईने विचारलं, "तुमच्या भूमीचं एखादं करुण गाणं वाजवाल का?"

शिब्ली म्हणाला, "मी आत्ता जे वाजवलं त्यात विनोद आहे. कोणी हसलं का नाही?"

त्या बाई गोंधळून पुन्हा रडल्या. हॉटेलवर आल्यावर शिब्ली पलंगावर आडवा पडून छताकडे बघत म्हणाला, "सिहाम, उचकीला कोणी हसलं नाही गं."

"त्यांना वाटलं, हुंदका आहे," ती म्हणाली.

लग्नातल्या मामांना एक गाणं हवं होतं, यांना एक हुंदका हवा होता. दोघांनाही आधीच ठरवलेलं ऐकायचं होतं. सांगा, वाद्याने करायचं काय?

परतल्यावर शिब्लीने हट्टच धरला, की ‘रांग’ घरी वाजवायची. बेथलेहेममधल्या एका शाळेचं सभागृह मिळालं. दिवस पुन्हा उन्हाळ्याचे. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी येतं ते त्याच्या मर्जीने, कधी कधी तर कित्येक आठवड्यांनी. गच्चीवरच्या टाक्या कोरड्या पडलेल्या, भांडी घासलेलं पाणी संडासाला. तरीही लोक आले. नझीहा पहिल्या रांगेत येऊन बसली, ठेवणीतला भरतकाम केलेला झगा घालून. तिने ‘रांग’ अजून ऐकली नव्हती. तिला कोणी सांगितलंही नव्हतं की ती त्यात आहे.

दिवेलागणीला आम्ही सुरुवात केली. एकच सूर. पुढे. थांब. पुढे. सभागृहात कोणीतरी फसकन हसलं. मग आणखी कोणीतरी. शिब्लीचा चेहरा खुलला. हे हसू तो परदेशापासून शोधत होता! मागून एक माणूस हळूच म्हणाला, "अरे हलव की गाडी, म्हाताऱ्या!" आणि सगळे खदखदले. कुरकुर वाढत गेली, ताण चढत गेला, शिब्लीचा हात वर गेला, आता थाप पडणार...

तेवढ्यात कोणाचातरी फोन वाजला. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. आणि मागच्या दारातून एक बाई ओरडली, "पाणी आलं! आमच्या बाजूला पाणी आलं!"

मित्रांनो, पुढचं दृश्य तुम्ही डोळ्यांसमोर आणा. खुर्च्या सरकल्या. पिशव्या उचलल्या गेल्या. "मोटर लावायला पाहिजे!" "चावी कोणाकडे आहे?" "तू जा, मी बसतो." "तू बसतोस? वर टाकी कोण उघडणार?" बघता बघता सभागृह रिकामं झालं. आणि पहिल्या रांगेतली नझीहा आत्या, झगा दोन्ही हातांनी उचलून, सगळ्यांच्या पुढे!

शिब्लीचा हात अजून हवेतच होता.

"आत्यासुद्धा?" तो म्हणाला.

सिहाम डफावर डोकं ठेवून हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला. शिब्ली मात्र संतापाने लाल झाला. त्याने मला मांडीवरून काढलं आणि खुर्चीत ठेवून दिलं.

"संपलं. परदेशात रडतात, इथे पळतात. मला काय करायचंय? उद्यापासून लग्नात वाजवतो."

"मग पाणी सोडून तुझं ऐकत बसायचं का त्यांनी?" सिहाम म्हणाली. "तुझ्या घरची टाकी भरलीय?"

"नाही."

"मग जा ना."

"नाही जाणार."

तो गेला नाही. मला राखत बसला, खरं तर रुसून बसला. मीही खुर्चीत रुसलेलाच होतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली रचना, आणि ती अर्ध्यात सोडून लोक बादल्या भरायला गेले. मला वाटलं, उद्या पुन्हा कपाट, पुन्हा ती बरणी.

बऱ्याच वेळाने दार करकरलं. मघाशी "गाडी हलव" म्हणणारा माणूस आत आला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. तो आपल्या जागेवर येऊन बसला आणि म्हणाला, "सुरू नाही ना केलंत?" मागून एक जोडपं आलं. मग चार बायका, बाह्या वर केलेल्या. मग पोरंटोरं, केस भिजलेले. काही जण आलेच नाहीत, काही नव्यानेच आले, शेजाऱ्यांना घेऊन. सभागृहात ओल्या कपड्यांचा वास पसरला. शेवटी नझीहा आली, झग्याची किनार निथळत होती. ती धापा टाकत पहिल्या रांगेत बसली.

"तुझी पण टाकी भरून आले," ती मोठ्याने म्हणाली. "किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवतोस, चोराला सोपं पडेल. हं, आता वाजव. पहिल्यापासून. माझं मधलं राहिलंय."

शिब्लीने मला उचललं. एकच सूर. पुढे. थांब. लोक पुन्हा हसले, पुन्हा कुरकुरले. ताण चढला. आणि थाप पडली.

सभागृह दचकलं. आत्याचे दोन्ही हात नकळत वर उचलले गेले, डोक्याकडे. मी तिच्यासमोरच होतो, मला तिचा चेहरा दिसत होता. तिला कळलं. ते कशाचं संगीत आहे हे त्या क्षणी तिला कळलं. तिने हळूहळू हात खाली घेतले आणि मांडीवर ठेवले.

शांतता पसरली. ठरल्याप्रमाणे काही वेळाने सिहामने उचकी वाजवायला बोट उचललं.

"इतक्यात नाही," आत्या म्हणाली.

सिहाम थांबली.

"आपण किती वेळ बसलो होतो त्या डांबरावर! शिब्ल्या, इतक्यात कुठे सुटलो होतो? थांब अजून."

शिब्लीने मान खाली घातली. तो थांबला. आम्ही सगळेच थांबलो. कोणी खोकलं नाही. कोणाचा फोन वाजला नाही. माझ्या पोटात ती सगळी शांतता साठत गेली आणि मला प्रथमच समजलं की मी वाजत नसतानाही वाजत असतो. आत्या ताठ बसून होती. तिचे डोळे उघडे होते. शेवटी तिने सिहामकडे बघून मान हलवली. "हं. आता त्या पोरीला उचकी लागली होती."

उचकी वाजली. आणि सगळं सभागृह, ओलं, दमलेलं, हसायला लागलं. आत्याही हसली आणि झग्याच्या ओल्या बाहीने तिने डोळे पुसले.

त्यानंतर ‘रांग’ जेव्हा जेव्हा वाजते, तेव्हा ती शांतता तेवढीच लांब असते. शुक्रवारी आत्या लग्नाची गाणी अजूनही मागते, आणि शिब्ली ती वाजवतोही. आता मला त्यांचा कंटाळा येत नाही. थोडा येतो.

मित्रांनो, माझी कैफियत एवढीच. तुमच्या घरात एखादं जुनं वाद्य असेल तर त्याला कपाटावर कोंडू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. ते जुनं आहे म्हणून त्याच्याकडे जुन्याच गाण्यांचा हट्ट धरू नका, आणि ते दुःखी मुलखातून आलंय म्हणून त्याच्या प्रत्येक सुरात हुंदका शोधू नका. कोणी नवं काही वाजवत असेल तर ऐकायला बसा. मध्येच उठावं लागलं तर खुशाल उठा. घरं असतात, टाक्या असतात, मला समजतं. जा, पाणी भरा, मोटर बंद करा, दाराला कुलूप लावा.

पण परत या. आम्ही तिथेच असतो.